छपरावरचा टॉवर आणि हातातला उजेड

वैशाखात तापी आणि पांझरा यांच्या काठची माणसे घरात झोपत नाहीत. भुसावळचा किंवा जळगावचा पारा दुपारी पंचेचाळीस अंशांची वेस ओलांडून आलेला असतो, जुन्या मातीच्या धाब्यांच्या जागी आलेले सिमेंटचे स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता मध्यरात्र उलटेपर्यंत परत करीत असतात, आणि म्हणून धरणगाव, अमळनेर, पारोळा, शिरपूर, धुळे अशा गावांतील कुटुंबे सायंकाळी गच्चीवर पाणी शिंपडून ठेवतात व जेवणे आटोपताच गाद्या-सतरंज्यांसह वर चढतात. खेड्यांत बाजा अंगणात निघतात. अशा उघड्या शयनगृहात उताणे पडलेल्या माणसाच्या दृष्टीस पूर्वी सप्तर्षी पडत असत. आता त्यांच्या आधी शेजारच्या छपरावरचा, माथ्यावर तांबडा दिवा मिरविणारा मोबाईलचा टॉवर पडतो. झोप न येणाऱ्या मनुष्यास कोणीतरी आरोपी लागतो, आणि हा आरोपी तर डोळ्यांदेखत उभा असतो. त्यामुळे वस्तीत टॉवर उभारण्याची गोष्ट निघाली की ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे तक्रारअर्ज जातात, ना हरकत दाखला देऊ नये असे ठराव मांडले जातात, आणि अर्जातील मजकुरात डोकेदुखी व निद्रानाश ही दोन दुखणी बहुधा शेजारी-शेजारी बसलेली आढळतात. या फिर्यादीची शहानिशा करणे हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

शहानिशा करावयाची तर प्रथम आरोपीची ओळख पटविली पाहिजे. मोबाईलचा संदेश वाहून नेणाऱ्या लहरी या विद्युतचुंबकीय लहरी होत. सूर्यप्रकाश, क्ष-किरण, आकाशवाणीच्या जळगाव केंद्राचे प्रक्षेपण ही सर्व एकाच कुळातील मंडळी असून त्यांच्यातील भेद कंपनसंख्येचा आणि तिच्याबरोबर बदलणाऱ्या ऊर्जेचा आहे. अणूतील इलेक्ट्रॉन उखडून काढावयाचा तर लहरीच्या एका कणाजवळ सुमारे दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट वा त्याहून अधिक ऊर्जा असावी लागते, व क्ष-किरणाजवळ ती मुबलक असते. ९०० मेगाहर्ट्झ कंपनसंख्येच्या मोबाईल-लहरीच्या कणाजवळ मात्र एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दहा लाख भाग केले असता त्यांतील जेमतेम चार भाग एवढीच पुंजी असते. म्हणून अणुभट्टीच्या संदर्भात ऐकलेले ‘रेडिएशन’चे भय या लहरींना जसेच्या तसे चिकटविणे हा अन्याय होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब वर्गात बसविले हे खरे; परंतु तो खटला निराळा आहे, आणि त्याची कागदपत्रे झोपेच्या दप्तरात मिसळू नयेत.

या लहरी एक गोष्ट निःसंशय करतात, ती म्हणजे ज्या पदार्थात त्या शोषल्या जातात त्याला त्या किंचित तापवितात. पण ‘किंचित’ या शब्दाचे माप येथे लक्षात ठेवले पाहिजे. दुसऱ्या पिढीचा, म्हणजे साध्या बटणांचा, फोन बोलताना सरासरीने फार तर पाव वॅट शक्ती बाहेर टाकतो, आणि मनुष्याचा मेंदू स्वतःच्या व्यवहारासाठी अहोरात्र सुमारे वीस वॅट शक्ती जाळीत असतो. दीर्घ संभाषणानेही मेंदूचे तापमान अंशाच्या दशांशाएवढे वाढले तर वाढले. शरीराचे आंतरिक तापमान थोडे उतरल्याखेरीज गाढ झोप लागत नाही हे शरीरशास्त्र सांगते. परंतु ज्या खोलीत मे महिन्याच्या मध्यरात्री तिशीच्या घरातील पारा हलावयास तयार नसतो, त्या खोलीतील निद्राभंगाचा दोष दशांश अंशाच्या माथी मारण्यास बरेच धारिष्ट लागेल.

आता छपरावरच्या टॉवरची कैफियत ऐकू. त्यावर उभ्या बसविलेल्या लांबट पेट्यांतून लहरी बाहेर पडतात त्या चोहोकडे सारख्या सांडत नाहीत. क्षितिजाला जवळजवळ समांतर, थोड्याशा खाली कललेल्या पट्ट्यात त्या पुढे जातात, कारण कंपनीचे गिऱ्हाईक दूरवर पसरलेले असते. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते: ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्याच्या पलंगापर्यंत पोहोचणारा अंश समोरच्या उंच इमारतीतील माणसाच्या वाट्याला येणाऱ्या अंशापेक्षा पुष्कळदा कमी भरतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक-चतुर्थांश उरते, या जुन्या नियमातून या लहरीही सुटलेल्या नाहीत. अर्थात तीव्रतेवर सरकारी अंमल असू नये असा याचा अर्थ नव्हे. मुंबईच्या आय.आय.टी.मधील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला सादर केलेल्या अहवालात तत्कालीन मर्यादा फार सैल असल्याचे आग्रहाने मांडले होते. पुढे आंतरमंत्रालयीन समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून देशातील मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट ठरली, व १८०० साठी ०.९ वॅट. त्याच दिवसापासून हातातील फोनसाठीही शरीराच्या एका किलोग्रॅममागे १.६ वॅट ही शोषणाची कमाल मर्यादा लागू झाली, आणि *#०७# हे अंक फिरवून आपल्या फोनचा आकडा पाहण्याची सोय ग्राहकास मिळाली. २०१७ साली सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर कोणाही नागरिकाला चार हजार रुपये भरून आपल्या दारातील तीव्रता मोजून घेण्याची मागणी करता येते. ठरावांवर ठराव करीत बसण्यापेक्षा गावाने वर्गणी काढून एकदा हे मोजमाप करून घ्यावे, असे आमचे मत आहे. आकडा पुढे आला म्हणजे भांडण निदान एका जागी तरी उभे राहते.

परंतु आकड्याने भीती जाते काय? या प्रश्नाचे उत्तर जर्मनीतील एका प्रयोगाने दिले आहे, आणि तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. बर्लिनच्या हायडी डँकर-होप्फे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेथे तोपर्यंत मोबाईलची लहर पोहोचलेली नव्हती अशी दहा ठिकाणे शोधून काढली, तेथे एक फिरता टॉवर नेऊन उभा केला, आणि अठरा ते एक्याऐंशी वर्षे वयाच्या ३९७ रहिवाशांची झोप त्यांच्या त्यांच्या घरी, त्यांच्याच अंथरुणावर, यंत्राने नोंदविली. पाच रात्री टॉवर खरोखर चालू होता आणि पाच रात्री तो नुसता उभा होता. कोणती रात्र कोणती, हे झोपणाऱ्यासही ठाऊक नव्हते आणि नोंदी करणाऱ्यासही नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की चालू व बंद रात्रींच्या झोपेत काहीही फरक आढळला नाही, ना यंत्राच्या नोंदीत, ना सकाळी लिहिलेल्या टिपणात. फरक आढळला तो माणसामाणसांत: ज्यांच्या मनात टॉवरविषयी धास्ती होती ती मंडळी टॉवर बंद असलेल्या रात्रीही इतरांपेक्षा वाईट झोपली. टॉवरच्या लहरींनी झोप मोडली नव्हती, पण टॉवरच्या दर्शनाने ती मोडू शकते, असे संशोधकांनीच लिहून ठेवले आहे. हा निकाल ऐकून तक्रारदारांना हसणारे लोक आहेत. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. धास्तीने मोडलेली झोप ही मोडलेलीच झोप असते, आणि न विचारता, न सांगता एखाद्या वस्तीच्या उशाशी लोखंडी मनोरा उभा करणाऱ्यांनी तिची जबाबदारी सर्वस्वी तक्रारदाराच्या मनावर ढकलणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

टॉवर हटविल्याने एक उलटा परिणाम होतो, तोही येथेच नोंदवितो. फोन आपली शक्ती गरजेप्रमाणे कमी-जास्त करीत असतो. टॉवर जवळ असला की तो कुजबुजतो, दूर असला की ओरडतो. म्हणून रावेर-यावलच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा साक्रीच्या पश्चिम भागात, जेथे पडद्यावर एकच दांडी कशीबशी दिसते, तेथे कानाला लावलेला फोन डोक्यापाशी जेवढी शक्ती टाकतो, तेवढी जळगावच्या नवी पेठेतील फोन टाकीत नाही. वस्तीतील टॉवर गावाबाहेर घालविणारा ठराव मंजूर झाला म्हणजे प्रत्येकाच्या कानाजवळची मात्रा वाढण्याचाच संभव असतो. उलट उशाखाली नुसता पडून राहिलेला फोन, त्यावर कोणी बोलत नसेल व काही उतरवून घेतले जात नसेल तर, मधूनमधून क्षणभर टॉवरशी हजेरी लावण्यापलीकडे फारसे काही करीत नाही.

तरीसुद्धा प्रकरण येथे मिटत नाही, कारण कानाजवळच्या फोनचा मेंदूवर काही एक ठसा उमटतो ही गोष्ट प्रयोगशाळांत वारंवार दिसून आली आहे. १९९६ साली जर्मनीतील मान आणि र्योश्के यांनी फोनच्या लहरींखाली झोपविलेल्या तरुणांत दोन गोष्टी पाहिल्या: त्यांना झोप लवकर लागली, आणि त्यांचा स्वप्नावस्थेचा काळ घटला; परंतु पुढील प्रयोगांत हे दोन्ही निष्कर्ष टिकले नाहीत. १९९९ साली झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांच्या प्रयोगशाळेत रात्रभर पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळीने लहरी सोडल्या असता रात्री मध्येच जागे राहण्याचा काळ अठरा मिनिटांवरून बारा मिनिटांवर आला, म्हणजे झोप मोडण्याऐवजी काहीशी सांधलीच गेली. परंतु त्याचबरोबर झोपेच्या पहिल्या टप्प्यातील मेंदूच्या विद्युतलहरींचे बळ वाढलेले दिसले. हा दुसरा निष्कर्ष मात्र चिवट निघाला. हलक्या झोपेत मेंदू सेकंदाला सुमारे अकरा ते सोळा वेळा स्पंदणाऱ्या लहरींचे छोटे झुबके सोडतो, ज्यांना त्यांच्या आकारावरून चात्या म्हणावे. बाहेरच्या आवाजापासून झोपेचे रक्षण करण्यात आणि दिवसाच्या आठवणी पक्क्या करण्यात त्यांचा वाटा आहे असे मानतात. याच पट्ट्यातील बळ फोनच्या लहरींनंतर वाढते, असे झुरिकच्या पुढील प्रयोगांत व २००५ साली मेलबर्न येथे सारा लॉफ्रन यांनी पन्नास व्यक्तींवर केलेल्या प्रयोगातही दिसले. २००२ साली झुरिकचे रेटो ह्युबर व सहकारी यांनी आणखी एक मार्मिक भेद दाखविला: तेवढ्याच शक्तीची अखंड लहर दिली असता हा परिणाम होत नव्हता, आणि फोनसारखी तुटक, सेकंदाला २१७ वेळा ठोके घेणारी लहर दिली असता होत होता. उष्णता दोन्ही प्रकारांत सारखीच होती. तेव्हा हे सारे नुसत्या तापण्याने घडते असे म्हणून मोकळे होता येत नाही. ठोक्यांचा हा ताल मेंदू कोणत्या द्वाराने ऐकतो, हे शरीरशास्त्राला अद्याप सापडलेले नाही.

मग झोप बिघडते की नाही? बिघडल्याचा सर्वांत सबळ पुरावा स्टॉकहोमचा आहे. तेथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निजण्यापूर्वी तब्बल तीन तास ८८४ मेगाहर्ट्झच्या लहरी डोक्याजवळ सोडल्या होत्या, आणि त्यानंतर गाढ झोपेचा काळ साडेनऊ मिनिटांनी कमी होऊन हलकी झोप जवळजवळ तेवढीच वाढली होती. उलट बर्लिनच्या ज्या गटाने गावोगाव टॉवर फिरविला त्याच गटाने तीस तरुणांवर रात्रभर केलेल्या प्रयोगात झोपेला बाधक म्हणावे असे काही आढळले नाही. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने जानेवारी २०१५ मध्ये या सर्वांचा आढावा घेऊन, मेंदूच्या विद्युतलहरींत बदल दिसतात पण त्यांचा आरोग्याच्या दृष्टीने अर्थ काय ते स्पष्ट नाही, असा मोजूनमापून अभिप्राय दिला. आरोपी घटनास्थळी होता एवढे शाबीत झाले आहे. चोरी त्यानेच केली असे ठरविण्यास मुद्देमाल अपुरा आहे.

मात्र फोनमधून दुसरेही एक प्रारण बाहेर पडते, आणि त्याविरुद्ध एकही तक्रारअर्ज ग्रामपंचायतीच्या दप्तरी आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पडद्यावरच्या निळसर प्रकाशाच्या एका कणाजवळ मोबाईल-लहरीच्या कणाच्या सुमारे सात लाख पट ऊर्जा असते, आणि मुख्य म्हणजे तो प्रकाश आत घेण्यासाठी निसर्गाने शरीरात दोन दरवाजे कोट्यवधी वर्षांपासून उघडे ठेवले आहेत. अमेरिकेतील डेव्हिड बर्सन यांनी २००२ साली दाखवून दिले की डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी थोड्या पेशी स्वतःच प्रकाश जाणतात. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशास त्या सर्वाधिक दाद देतात, आणि ती वार्ता मेंदूतील कालगणना करणाऱ्या केंद्रास पोहोचवितात. दिवस आहे असे त्या केंद्राने ठरविले की पीनियल ग्रंथीतून पाझरणारे मेलाटोनिन, जे १९५८ साली येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी गुरांच्या ग्रंथींतून प्रथम वेगळे काढले, ते थांबते, आणि शरीराची रात्र पुढे ढकलली जाते. बॉस्टन येथे बारा व्यक्तींना पाच रात्री, निजण्यापूर्वी चार तास, अंधूक खोलीत प्रकाशमान पडद्यावर वाचावयास लावले असता कागदी पुस्तकाच्या मानाने त्यांचे मेलाटोनिन निम्म्याहून अधिक दबले, शरीराचे घड्याळ दीड तासाने मागे पडले, आणि झोप सुमारे दहा मिनिटे उशिरा लागली.

दहा मिनिटे! वृत्तपत्रांनी या प्रयोगावर केवढे रान उठविले होते, हे आठवणाऱ्यास हा आकडा निराशाजनक वाटेल, आणि तो तसा वाटावाच. शिवाय प्रयोगातील उपकरण मोठ्या पडद्याचे होते, व त्याचा उजेड पूर्ण वाढविलेला होता. स्वीडनमधील उप्साला येथे २०१६ साली चौदा तरुणांना आधी साडेसहा तास चांगल्या उजेडात बसविले आणि मग रात्री दोन तास पडद्यावर वाचावयास दिले, तेव्हा मेलाटोनिनवर व झोपेवर काही परिणाम दिसला नाही. याचा खानदेशी अर्थ उघड आहे. दिवसभर चोपड्याच्या शिवारात कपाशी निंदणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी सूर्य इतका प्यालेला असतो की रात्रीच्या चार इंची पडद्याचे त्यास फारसे सोयरसुतक नसावे; उलट दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या जळगावच्या किंवा धुळ्याच्या देवपुरातील विद्यार्थ्यास तोच पडदा भोवण्याचा संभव अधिक. परंतु दोघांच्याही बाबतीत खरा तोटा मिनिटांचा नसून तासांचा आहे: दहा वाजता निजावे म्हणून आडवा झालेला इसम क्रिकेटचे तुकडे आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एकामागून एक पाहत साडेबारापर्यंत जागा राहतो, तेव्हा त्या अडीच तासांत ना लहरीचा दोष असतो ना निळ्या रंगाचा. ते वेळेचे अपहरण आहे, आणि ते संमतीने होते.

आणि तरीही खानदेशाच्या झोपेची कथा फोनपाशी संपवली तर ती अपुरी राहील, कारण या प्रदेशात रात्रीचा मालक बराच काळ दुसराच आहे. शेतीपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. शेतकरी तिला ‘लाईट’ म्हणतो, आणि लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात केळीच्या बागेला पाणी द्यावयाचे तर त्याला रात्रीच शेतात जावे लागते. साप-विंचवाचे भय तर नेहमीचेच. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा ही रात्रीची फेरी म्हणजे काय असते ते शहरवासीयांनाही थोडेसे कळले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच शेतकऱ्यांनी या फेरीवर उपाय म्हणून बसविले. पण सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठू लागल्याने रोहित्रे जळू लागली, आणि ते ऑटोस्विच काढून टाकण्याची आवाहने महावितरणला पुनःपुन्हा करावी लागली.

या अडचणीत शेतकऱ्याच्या मदतीस आला तो हाच बदनाम मोबाईल. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड घातलेले एक छोटे यंत्र बसवितात. लाईट आली की ते मालकाला फोन करते, आणि मालक बाजेवर पडल्यापडल्या बटण दाबून मोटार सुरू करतो, लाईट गेल्याचे व मोटार बंद पडल्याचेही त्यास तेथेच कळते. अर्धी रात्र बांधावर बसून काढणाऱ्या माणसास या यंत्राने कित्येक तासांची झोप परत दिली आहे, जरी ती दोन-तीनदा वाजणाऱ्या घंटीने फाटलेली असली तरी. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतही असेच स्थित्यंतर घडले: इंजिनचालकास पाळीवर बोलावण्यासाठी पूर्वी कॉल बॉय वही घेऊन, रात्री-अपरात्री दार ठोठावीत, अख्खी चाळ जागी करीत असे, आता ज्याची पाळी त्याचाच फोन वाजतो, आणि शेजाऱ्याची झोप वाचते. मोबाईलने झोप किती नेली याचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही जमेची बाजू वहीत घेतलेली आमच्या पाहण्यात नाही.

२०१७ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली ती शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच. ज्या वाहिनीवर ती खरोखर पोहोचते तेथे स्टार्टरचा फोन दुपारी वाजतो, व रात्री फोन बंद करून ठेवण्यास कोणाची हरकत राहत नाही. जेथे अद्याप रात्रीचीच पाळी आहे, तेथील शेतकऱ्यास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा असे शहाणपण शिकविणे व्यर्थ आहे. त्याने एवढीच तजवीज करावी: निजताना इंटरनेट बंद करावे, इतर सर्व क्रमांक मुके करून एकट्या स्टार्टरच्या क्रमांकाची घंटी चालू ठेवावी, आणि फोन उशाखाली न ठेवता बाजेपासून हातभर दूर, पडदा पालथा करून ठेवावा.